हेतू नको, हिशेब मांडा

सातवी ते दहावीच्या विज्ञानाच्या तासाला दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. ‘झाडे आपल्याला ऑक्सिजन मिळावा म्हणून प्रकाशसंश्लेषण करतात’ हे एक, आणि ‘उंचावरचा पाला खाता यावा म्हणून जिराफाने मान लांब केली’ हे दुसरे. दुसऱ्या वाक्यावर आपण लाल शाई उमटवतो, पहिले मात्र खपून जाते. चूक दोन्हींत एकच आहे. निसर्गाला हेतू चिकटवला की ‘हे घडते कसे?’ हा प्रश्नच उरत नाही, आणि प्रश्न संपला की विज्ञानाचा तासही संपतो.

आमचे म्हणणे असे की हे दोन्ही धडे हिशेबाचे धडे म्हणून शिकवावेत. पहिल्यात वजनाचा हिशेब, दुसऱ्यात संततीचा.

वजनाचा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला तो सतराव्या शतकात व्हॅन हेल्माँट यांनी. कुंडीत 200 पौंड कोरडी माती घेऊन त्यांनी 5 पौंडांचे विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे फक्त पाणी घातले. झाड 169 पौंडांचे झाले, माती घटली सुमारे दोन औंस. लाकूड पाण्यापासूनच बनते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हवेचा वाटा त्यांच्या हिशेबात नव्हता. तो वाटा पुढे प्रिस्टली, इंगेनहाउझ आणि द सोस्यूर यांच्या कामातून उलगडला. वर्गात या प्रयोगाचे आकडे फळ्यावर लिहून ‘वाढलेले वजन आले कुठून?’ एवढेच विचारा. बहुतेक हात ‘मातीतून, खतातून’ म्हणत वर जातील. झाडाच्या कोरड्या वजनातला मोठा भाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून आला आहे हे मुलांना सहजी पटत नाही, आणि नेमके तिथेच थांबून शिकवायला हवे.

ऑक्सिजनचेही तसेच. 1941 साली रुबेन आणि केमेन यांनी ऑक्सिजनचा जड समस्थानिक वापरून दाखवले की बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्यातला असतो. वनस्पती स्वतःसाठी शर्करा बनवते, त्यात पाण्याचे विघटन होते आणि ऑक्सिजन मोकळा होतो. त्यातला काही ती स्वतःच्या श्वसनासाठी वापरते, आणि ते श्वसन दिवसरात्र चालू असते. ‘झाडे दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन’ हे उत्तर म्हणूनच अर्धे चूक आहे. झाडाला दाता ठरवले की ते आपल्यासारखेच श्वसन करते याचा विसर पडतो.

आता दुसरा हिशेब. त्यासाठी गॅलापागोसला जाण्याची गरज नाही, विदर्भ-मराठवाड्यातले कापसाचे शेत पुरेसे आहे. भारतात बीटी कापसाला 2002 मध्ये परवानगी मिळाली. 2010 मध्ये गुजरातेत गुलाबी बोंडअळीत या वाणातल्या विषारी प्रथिनाला प्रतिकारक्षमता आल्याचे जाहीर झाले. दोन प्रथिनांचे वाण आले तरी 2017 च्या हंगामात आपल्याकडे या अळीने मोठे नुकसान केले. ‘अळीने सवय करून घेतली’ असे गावात म्हणतात, मुलेही तेच लिहितात. प्रत्यक्षात कुठल्याही एका अळीने स्वतःला बदलले नाही. हजारोंत ज्या मोजक्या अळ्यांत प्रतिकाराची जनुके आधीच होती, त्या जगल्या, त्यांचे पतंग झाले आणि पुढची पिढी त्यांची निघाली. बीटीच्या पाकिटासोबत बिगर-बीटी बियाणे देण्यामागे हाच विचार होता. त्या बियाण्याच्या ओळींवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांचा प्रतिकारक पतंगांशी संकर व्हावा आणि प्रतिकार पसरणे लांबावे. अनेक शेतांत त्या ओळी लागल्याच नाहीत. कापूस पिकवणाऱ्या घरातल्या मुलाला नैसर्गिक निवड कळणे म्हणजे हे बियाणे का पेरायचे ते कळणे.

वर्गात करायला साधन साधे आहे. हिरव्या कापडावर हिरव्या आणि लाल कागदाचे सारखेच तुकडे पसरा. मुलांना पक्षी व्हायला सांगून काही सेकंद वेचू द्या. उरलेल्या प्रत्येक तुकड्यामागे त्याच रंगाचा एक तुकडा वाढवा आणि पुन्हा वेचा. दर फेरीची संख्या फळ्यावर लिहा. शेवटी विचारा, एकाही तुकड्याने रंग बदलला का? मग कापडावर हिरवेच तुकडे कसे वाढत गेले?

2023 मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला, तेव्हा देशभरातल्या अठराशेहून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी पत्रक काढून विरोध केला. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 2’ या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा आहे. धडा पुस्तकात असणे ही मात्र निम्मीच गोष्ट झाली. तो व्याख्या आणि तक्त्यांपुरता उरकला, तर वगळल्यासारखाच.

म्हणून या सत्राच्या घटक चाचणीत दोन प्रश्न जरूर घाला. झाडाचे वजन कुठून आले? अळीवर विष चालेनासे का झाले? ‘साठी’ आणि ‘म्हणून’ने संपणाऱ्या उत्तरांना गुण देण्याआधी मुलाला विचारा, ‘पण घडले कसे?’ हा प्रश्न आपण विचारू लागलो, तर मुलेही तो विचारू लागतील.