एलईडी दिव्याचे आयुष्य : खोक्यावरचे आणि ट्रॅक्टरवरचे



ऑक्टोबर-नोव्हेंबरात उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की रात्रभर रस्त्याला ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. गेल्या काही वर्षांत या ट्रॅक्टरांवरचा पिवळा बल्ब जाऊन पांढरा लख्ख एलईडी दिवा आला आहे. नव्या गाडीला कंपनीच तो बसवून देते, जुन्या गाडीला आपण दुकानातून आणून बसवतो. खोक्यावर लिहिलेले असते, '५० हजार तास'. म्हणजे रोज पाच तास लावला तरी २७ वर्षे! आणि प्रत्यक्षात एकाच पावसाळ्यात दिव्यात पाणी साचते, तो फडफडतो आणि बंद पडतो. 'माल हलका निघाला' म्हणून आपण दुसरा आणतो. पण दरवेळी दोष मालाचाच असतो काय?

खोक्यावरचे तास हे आतल्या प्रकाश देणाऱ्या टिकलीचे असतात. ती टिकली खरोखरच दमदार आहे. तिच्यात तार नाही, त्यामुळे धक्क्याने तुटायचे काही नाही. मात्र दिवा म्हणजे नुसती टिकली नव्हे. तिला वीज पुरवणारी छोटी पट्टी, जोडण्या, रबर आणि पुढची काच हे सगळे मिळून दिवा होतो. यातले जे सर्वांत कच्चे, तेवढेच दिव्याचे आयुष्य.

पहिला शत्रू पाणी. जुना ५५-६० वॅटचा बल्ब काच तापवत असे. आत आलेला दमटपणा त्या उष्णतेने आपोआप सुकून जाई. एलईडीची उष्णता मागच्या बाजूला जाते, काच थंडच राहते. म्हणून आलेली वाफ तिथेच बसते. काचेवर हलके धुके धरले आणि दिवा लावल्यावर काही वेळाने गेले, तर काळजी नको. थेंब ओघळत असतील किंवा तळाला पाणी साचले असेल, तर रबर गेले असे समजावे. काही जण पाणी काढायला काचेला भोक पाडतात. त्याच भोकातून पुन्हा धूळ आणि पाणी आत जाते. दिव्याच्या मागे श्वास घेणारे बारीक छिद्र किंवा नळी असते, तीही एम-सील लावून बुजवू नये. बुजवली तर दमटपणा आत कोंडला जातो.

दिवा घेताना 'आयपी'चा आकडा पाहावा. आयपी ६७ मधला ६ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवला तरी बिघडत नाही. मात्र वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याची हमी हा ७ देत नाही, त्याची चाचणी वेगळी असते. तेव्हा चिखलणी करून आलेला ट्रॅक्टर धुताना नोजल दिव्याच्या कडेवर आणि मागच्या रबरावर धरू नये.

दुसरा शत्रू उष्णता. मागच्या ॲल्युमिनियमच्या पाकळ्यांवर चिखल आणि भुसा चढला की उष्णता बाहेर पडत नाही आणि दिवा आतून भाजतो. त्या पाकळ्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात. जुन्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब घालताना मागचा पंखा आडवा येतो, म्हणून मिस्त्री रबरी टोपी कापतो. दिव्याचे संरक्षण तिथेच संपते. शिवाय प्रकाश विस्कटून समोरच्याच्या डोळ्यांवर जातो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे.

तिसरा शत्रू सैल वायरिंग. बॅटरीचे टर्मिनल हलत असेल तर विजेचा झटका थेट दिव्याच्या पट्टीवर येतो. टर्मिनल घट्ट करावे आणि योग्य फ्यूज बसवावा. वायर दिव्यात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथून गळून जाते. ट्रॅक्टरवर वेल्डिंग करायचे असेल तर आधी बॅटरीच्या वायरी सोडाव्यात. बिल आणि वॉरंटी कार्ड जपून ठेवावे.

एलईडी वाईट नाही. तो कमी वीज खातो, बॅटरीवरचा भार हलका करतो. पण जुना बल्ब गेला तर गावच्या दुकानात मिळत होता आणि चालक स्वतः बदलत होता. कंपनीचा बंद एलईडी दिवा गेला तर बहुधा अख्खा संचच बदलावा लागतो. खर्च नको म्हणून मग एका दिव्यावर गाडी चालते. समोरून येणाऱ्याला वाटते मोटारसायकल आहे, आणि असतो उसाने भरलेला ट्रॅक्टर. रात्रीच्या विजेवर पाणी धरायला निघालेला आपलाच भाऊ त्या रस्त्याने जात असतो.

ग्रामपंचायत अधिकारी, पोलीस पाटील आणि साखर कारखान्याच्या शेती विभागाला एक विनंती. हंगामाच्या तोंडावर गावातल्या ऊस वाहतुकीच्या गाड्या एका संध्याकाळी शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीसमोर उभ्या कराव्यात. दोन्ही दिवे लागतात का, डिपरचा प्रकाश खाली पडतो का, हे भिंतीवर लगेच दिसते. ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर आहेत का, तेही पाहावे. त्यांना ना वायर लागते, ना बॅटरी. पुढचा दिवा दगा देईल त्या रात्री मागून येणाऱ्याला निदान ट्रॉली तरी दिसेल.