संगणकाची पहिली भाषा कोणती?

दहावीचा निकाल लागला कीं मध्यमवर्गीय घरांतून एक प्रश्न हटकून विचारला जातो. मुलाला अथवा मुलीला संगणकाची भाषा शिकवावयाची आहे. तर पहिली कोणती शिकवावी? या प्रश्नावर निकाल देण्याचा अधिकार तिघांकडे असतो. अमेरिकेंत असलेला मावसभाऊ म्हणतो, जावा. शेजारचा इंजिनियर म्हणतो, सी पक्की झाल्याविणें पुढें पाऊल टाकूं नये. क्लासचे चालक म्हणतात, आमच्याकडे जी शिकवितात ती. वाचकांनीं नीट पाहिलें तर त्यांस दिसून येईल कीं, या तिघांपैकीं एकानेंही विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर दिलेलें नाहीं. पहिल्यानें आपल्याला नोकरी कशाच्या जोरावर मिळाली तें सांगितलें, दुसऱ्यानें आपण काय सोसलें तें सांगितलें, आणि तिसऱ्यानें फी कशाची आकारितां येते तें सांगितलें. शिकणाऱ्या मुलाचा विचार कोणींच केला नाहीं.

नोकरीच्या बाजारावरून पहिली भाषा निवडणें हा आमच्या मतें शुद्ध अविचार आहे. पंधराव्या वर्षीं शिकावयास बसलेलें मूल नोकरीच्या दारांत उभें राहणार तें बाविसाव्या वर्षीं. तोंवर बाजारानें कूस बदललेली असते. अमेरिकेंत शाळकरी मुलांसाठीं कॉलेज बोर्डाची संगणकशास्त्राची जी परीक्षा आहे, ती १९८४ सालीं पास्कल या भाषेंत सुरू झाली; १९९९ सालीं ती सी-प्लस-प्लसमध्यें गेली आणि २००४ सालीं जावामध्यें. वीस वर्षांत तीन भाषा! पास्कल तर झुरिकच्या निक्लाउस विर्ट यांनीं १९७० च्या सुमारास मुख्यतः शिकविण्यासाठींच घडविली होती. ज्यानें ती बाजारांत चालते म्हणून घोकली त्याचे श्रम बुडाले. ज्यानें तिच्यांतून विचार करण्याची शिस्त उचलली त्याचें कांहींच बुडालें नाहीं.

मग कसोटी कोणती? आम्ही एकच मानतों. प्रोग्रॅम लिहिणें म्हणजे बव्हंशीं चुका करणें व त्या हुडकून काढणें होय. वीस वर्षें हें काम केलेला मनुष्यही याला अपवाद नाहीं; फरक इतकाच कीं, चूक कोठें दडून बसते हें त्याला ठाऊक असतें. म्हणून जी भाषा नवशिक्याला त्याची चूक लवकरांत लवकर, तिच्या खऱ्या जागीं आणि समजेल अशा शब्दांत दाखविते, ती पहिली भाषा होण्यास योग्य. वेग, पगार, प्रतिष्ठा या गोष्टी मागाहून पाहाव्या.

या कसोटीला सी लावून पाहा. एकपासून आठपर्यंतच्या अंकांचा गुणाकार करावयाचा, हा अगदीं पहिल्या महिन्यांतला धडा. आमच्या महाविद्यालयांतून पिढ्यान् पिढ्या वापरल्या गेलेल्या टर्बो सी या साधनांत पूर्णांकाला सोळा बिटांची जागा मिळते आणि तींत ३२,७६७ हून मोठी संख्या मावत नाहीं. सातपर्यंतचा गुणाकार ५,०४० बरोबर येतो. आठपर्यंतचा ४०,३२० यावयास हवा. पडद्यावर येतो उणे २५,२१६! धन अंकांचा गुणाकार ऋण! आणि हें सांगतांना यंत्राच्या चेहऱ्यावर सुरकुतीही नाहीं. मुलगी आपला प्रोग्रॅम दहा वेळां तपासते. त्यांत दोष नसतोच. शिक्षक घाईंत असतात, ते म्हणतात, "इंटच्या जागीं लाँग लिही." ती लिहिते, उत्तर बरोबर येतें, आणि या विद्येंत कारणें विचारावयाचीं नसतात, मंत्र बदलावयाचे असतात, एवढाच बोध तिच्या मनांत पक्का बसतो. दुसरें उदाहरण घ्या. एखादी संख्या पांचाबरोबर आहे काय, असें विचारण्यासाठीं सीमध्यें बरोबरीचें चिन्ह दोनदां लिहावें लागतें. चुकून एकदांच लिहिलें तर सी त्या संख्येलाच पांच करून टाकते आणि वर "होय, बरोबर आहे" असें सांगते. आजचीं साधनें इशारा देतात हें मान्य. परंतु काम पुढें चालूं देतातच.

येथें सीचे कैवारी आपलें ठेवणींतलें अस्त्र बाहेर काढतात. सी हा पाया आहे, ते म्हणतात. पायावांचून इमारत कशी उठणार? स्मृतिकोशांतील कोणत्या घरांत काय आहे हें सी दाखविते, इतर भाषा झांकून ठेवतात, हें त्यांचें म्हणणें खरें आहे. १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनीं ती बेल प्रयोगशाळेंत घडविली ती युनिक्स ही कार्यप्रणाली लिहिण्यासाठीं, आणि त्या कामीं तिची थोरवी आजही ढळलेली नाहीं. परंतु इमारत बांधण्याचा क्रम तोच शिकण्याचा क्रम, हा नियम त्यांनीं आणला कोठून? संस्कृताचें उदाहरण आपल्या घरांतलेंच आहे. वर्षानुवर्षें रूपावली घोकून ज्यांना चार ओळींचें पत्र लिहितां आलें नाहीं, असे विद्वान आपल्यांत कांहीं थोडे झाले नाहींत. डॉ. भांडारकरांनीं 'मार्गोपदेशिका' रचली तींत व्याकरण थोडें थोडें देऊन लगेच भाषांतरासाठीं वाक्यें दिलीं. विद्यार्थ्याला पहिल्याच धड्यांत कांहीं तरी म्हणतां आलें. तेवढ्यानें व्याकरण बुडालें काय? जो वाक्य बोलूं लागला त्यालाच पुढें व्याकरणाची गोडी लागते. सी अवश्य शिकावी. परंतु दुसरी शिकावी. तोंवर मुलाजवळ प्रश्न तयार झालेले असतात, आणि सी त्यांचीं उत्तरें देते.

आतां आमच्या अभ्यासक्रमांविषयीं दोन शब्द. टर्बो सी-प्लस-प्लस हें साधन बोर्लंड कंपनीनें १९९० सालीं काढलें. सी-प्लस-प्लसचें अधिकृत प्रमाण ठरलें १९९८ सालीं. म्हणजे ज्या साधनावर आमचीं मुलें ही भाषा शिकलीं, तें ती भाषा निश्चित होण्यापूर्वींचें! त्यावर चालणारा प्रोग्रॅम आजच्या साधनावर पहिल्याच ओळीला अडतो, आणि मुलाला वाटतें, आपलेंच कांहीं चुकलें. महाराष्ट्राच्या बारावीच्या संगणकशास्त्रांत याच भाषेच्या जोडीला ८०८५ हा १९७६ सालचा सूक्ष्मप्रक्रियक किती तरी वर्षें ठाण मांडून बसला. केंद्रीय मंडळानें सी-प्लस-प्लस सोडून पायथन घेतली, हें त्यानें बरें केलें.

जावाचा खटला लवकर आटोपतो. पडद्यावर एक ओळ उमटविण्यासाठीं नवशिक्याला पब्लिक, क्लास, स्टॅटिक, व्हॉइड असे शब्द लिहावे लागत, आणि त्यांचा अर्थ विचारला तर "तें पुढच्या वर्षीं" असें उत्तर मिळे. १९९५ सालीं जन्मलेल्या या भाषेच्या चालकांनीं २०२५ सालच्या पंचविसाव्या आवृत्तींत हा पसारा नवशिक्यांपुरता काढून टाकला. तीस वर्षांनीं का होईना, अडचण होती हें खुद्द घरच्या मंडळींनींच कबूल केलें. मावसभावांनाही तें कबूल करण्यास हरकत नसावी.

तात्पर्य, आमचा कौल पायथनला आहे. गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनीं ती १९९१ सालीं प्रसिद्ध केली. पन्नासपर्यंतच्या अंकांचा गुणाकार तिला सांगा; पासष्ट अंकी उत्तर ती अचूक देते. बरोबरीच्या एका चिन्हाची चूक झाली तर ती तेथेंच अडते आणि ओळीचा क्रमांक सांगते. ती निर्दोष आहे असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. किंमत देतांना एखाद्या नांवांत अक्षर चुकलें तर ती निमूटपणें नवें नांव निर्माण करते, हा तिचा दोष मोठा आहे. वापरणाऱ्याकडून घेतलेले ५ आणि ७ ती अक्षरें समजते आणि त्यांची बेरीज ५७ सांगते. परंतु ही चूक डोळ्यांपुढें उभी राहते. मूल आधीं हंसतें, मग विचारांत पडतें. उणे २५,२१६ पाहून कोणी हंसत नाहीं. (दहा वर्षांच्या आंतील मुलांची गोष्ट निराळी, त्यांना एम्. आय्. टी. नें २००७ सालीं काढलेल्या स्क्रॅचचे रंगीत ठोकळे पुरेत.)

मराठी माध्यमाच्या मुलांचें काय, ही शंका रास्त आहे. पायथनचे राखीव इंग्रजी शब्द आहेत सुमारें पस्तीस. ते पाठ होण्यास एक आठवडा पुरे. २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून 'बेरीज', 'मुद्दल', 'व्याज' हीं नांवें देवनागरींत लिहिलीं तरी चालतात. मुलें अडतात तीं चुकीच्या इंग्रजी सूचनांपाशीं, कारण त्या वाचावयास त्यांना कोणी शिकवीतच नाहीं. नवशिक्याला नित्य भेटणाऱ्या सूचना दहाबारापेक्षां अधिक नसतात. त्यांचा मराठी अर्थ फळ्यावर लिहून ठेवणें कोणत्या शिक्षकाला अशक्य आहे?

चुकीच्या निवडीनें बुद्धि कायमची बिघडते, असें मात्र कोणी समजूं नये. एड्स्गर डाइक्स्ट्रा या थोर पंडितांनीं १९७५ सालीं लिहून ठेविलें कीं, ज्यांनीं आधीं बेसिक शिकली त्यांना चांगलें प्रोग्रॅमलेखन शिकविणें जवळजवळ अशक्य आहे. बेसिक ही डार्टमथच्या केमेनी व कर्ट्झ यांनीं १९६४ सालीं शास्त्रशाखेबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही यंत्र वापरतां यावें म्हणून काढलेली भाषा. आणि पुढें तीवरच हात बसविलेल्या मुलांतून किती तरी नामांकित प्रोग्रॅमकार निघाले. बिघडतो तो आत्मविश्वास. "हें आपलें काम नव्हे" असें ठरवून जीं मुलें, आणि विशेषतः ज्या मुली, पहिल्याच वर्षीं उठून गेल्या, त्यांची गणती कोणत्या निकालपत्रकांत होते?

आतां प्रोग्रॅम यंत्रच लिहून देतें, मग शिकावेंच कशाला, असा नवा प्रश्न ऐकूं येतो. यंत्र लिहून देतें हें खरें, आणि चुकीचेंही तितक्याच ऐटींत लिहून देतें. तें ओळखावयाचें कोणीं? चूक शोधण्याचा सराव ज्याला आहे त्यानेंच.

तेव्हां पालकांना आमची विनंति इतकीच कीं, एक भाषा घ्यावी आणि वर्षभर ती बदलूं नये. दर तीन महिन्यांनीं नवा क्लास लावणें हा मुलाचा छळ आहे. आणि शिक्षकांपाशीं आमची एक मागणी आहे. प्रात्यक्षिकाचें जर्नल हा आमच्या महाविद्यालयांतील एक अजब ग्रंथ आहे. त्यांत गेल्या वर्षीच्या वहींतून उतरलेले प्रोग्रॅम असतात, आणि यंत्र सुरू होण्यापूर्वींच त्यांचीं उत्तरें पेन्सिलीनें लिहून झालेलीं असतात. साऱ्या जर्नलांत एक चूक सांपडावयाची नाहीं! यापुढें प्रत्येक प्रात्यक्षिकाखालीं विद्यार्थ्यानें आपला पहिला फसलेला प्रयत्न, यंत्रानें दिलेली सूचना आणि दोष कोठें सांपडला तें आपल्या शब्दांत लिहावें, आणि निम्मे गुण त्यालाच असावे.