बिनजामिनाची माणसे

1909 साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून मराठी वाचकाच्या फराळात वाचनाची भर घातली. तेव्हापासून असा एक संकेत पडून गेला आहे की, अंकाचे पहिले पान मंगल असावे, त्यावर वादाची छाया पडू नये, आणि पडलीच तर ती राजकारणाची असावी, देवाधर्माची असू नये. यंदा हा संकेत आम्ही समजून-उमजून मोडीत आहोत. या अंकाचा मोठा विभाग निरीश्वरवादाच्या चर्चेस दिला आहे. आणि प्रस्तुत संपादक स्वतः ईश्वराचे अस्तित्व मानीत नाही, ही गोष्टही प्रारंभीच दप्तरी दाखल करून ठेवणे इष्ट, कारण आपली बाजू झाकून निःपक्षपाताचा आव आणणे म्हणजे वाचकाच्या बुद्धीस कमी लेखणे होय.

ज्याने आपले निरीश्वरत्व चारचौघांत बोलून दाखविले, त्याला तीन प्रश्न हटकून विचारले जातात : हे जग मग केले कोणी, देवाचे भय नाही तर तुम्ही सरळ का वागाल, आणि संकटाच्या वेळी तुम्हाला आधार कोणाचा? पहिला प्रश्न भारदस्त दिसतो, परंतु विचारणाऱ्याचे चित्त त्यात क्वचितच गुंतलेले असते. म्हणून त्याचा निकाल थोडक्यात लावतो. जगाला कर्ता हवा हा युक्तिवाद जितका पुरातन, तितकेच त्याचे खंडनही पुरातन आहे, आणि ते विलायतेहून आलेले नाही. सांख्यांनी प्रकृती आणि पुरुष या दोन तत्त्वांवर सृष्टीची उपपत्ती लावली आणि तीत जगत्कर्त्यासाठी जागा ठेवली नाही. वेदांचे प्रामाण्य शिरोधार्य मानणाऱ्या कुमारिल भट्टांनी श्लोकवार्तिकात अशी पृच्छा केली की, करुणेने सृष्टी निर्माण केली म्हणावे, तर सृष्टीपूर्वी करुणा करण्याजोगे होते तरी कोण? पुढे उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत ईश्वरसिद्धीचा पक्ष तितक्याच सामर्थ्याने मांडला. हा वाद याच भूमीत आणि याच पंडितांच्या भाषेत शतकानुशतके चालत आला असून, विसाव्या शतकात वाईच्या पाठशाळेत घडलेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारख्या शास्त्रपारंगत ब्राह्मणाने ‘जडवाद’ नावाचा ग्रंथ लिहावा, यात परंपरेशी विसंगत असे काही नाही. आमचे म्हणणे इतकेच की, विश्वाच्या आरंभाविषयी जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणावे. अज्ञानाला एक पूज्य नाव दिल्याने ज्ञानात भर पडत नाही.

दुसरा प्रश्न मात्र निराळ्या जातीचा आहे. वरून तो नीतिशास्त्राचा दिसतो, पण त्याच्या पोटात व्यवहार आहे. पूर्वीच्या काळी परक्या मुलखातला माणूस सरकारात रुजू व्हावयाचा तर त्याच्याकडून जामीनकतबा लिहून घेत, म्हणजे तो पळाला वा खोटा ठरला तर पकडावयास कोणीतरी मातबर असे. समाजाने ईश्वराची योजना पुष्कळ अंशी अशाच जामीनदाराच्या जागी केलेली आहे. शेजारी देव मानतो एवढे कळले की तो आपल्या नजरेआडही कोणाच्या तरी नजरेखाली आहे असा दिलासा मिळतो; आणि तो देव मानीत नाही असे कळताच, त्याच्या हातून काही आगळीक घडलेली नसतानाही, त्याचे खाते एकाएकी बिनतारण वाटू लागते. निरीश्वरवाद्याला जे प्रश्न विचारले जातात, त्यांतील बहुतेकांचे मूळ या अविश्वासात आहे.

याचा सर्वांत ठसठशीत दाखला इंग्लंडच्या पार्लमेंटात मिळतो. 1880 साली नॉर्दॅम्प्टन येथून निवडून आलेले चार्ल्स ब्रॅडलॉ यांनी ईश्वराच्या शपथेऐवजी केवळ प्रतिज्ञा करण्याची मुभा मागितली, ती नाकारण्यात आली. मग शपथ घेतो म्हणाले, तर ज्याचा ईश्वरच नाही त्याची शपथ बंधनकारक कशी, या सबबीवर तीही नाकारण्यात आली. मतदारांनी पुनःपुन्हा निवडून पाठविलेला हा गृहस्थ 1886 पर्यंत आपल्या आसनावर निर्वेधपणे बसू शकला नाही, आणि मध्यंतरी त्याला पार्लमेंटच्याच घड्याळाच्या मनोऱ्यात कैदेतही ठेवण्यात आले. अखेरीस त्याच्याच खटपटीने 1888 सालचा शपथविषयक कायदा झाला आणि प्रतिज्ञेस शपथेची बरोबरी मिळाली. ज्याच्या शब्दावर स्वदेशाच्या पार्लमेंटने सहा वर्षे विश्वास ठेवला नाही, तोच ब्रॅडलॉ 1889 च्या डिसेंबरात मुंबईस राष्ट्रसभेच्या (काँग्रेसच्या) अधिवेशनास आला, तेव्हा देवभक्त हिंदी प्रतिनिधींनी त्याचा गौरव केला. कारण हिंदुस्थानची कैफियत पार्लमेंटात मांडताना त्याने आपला शब्द पाळला, हे त्यांनी पाहिले होते.

पुढे हाच मामला आमच्या घटनासमितीपुढे आला. 17 ऑक्टोबर 1949 रोजी ह. वि. कामत यांनी घटनेच्या उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा अशी सूचना मांडली. ईश्वराचा निर्णय मतमोजणीने करू नये अशी विनवणी सभागृहात झाली, श्रद्धा ही व्यक्तीची बाब असून ती सामुदायिक रीतीने कोणावर लादता येत नाही असा आक्षेप थाणु पिळ्ळै आणि हृदयनाथ कुंझरू यांनी घेतला, तरी मतदान झालेच, आणि 41 विरुद्ध 68 मतांनी सूचना फेटाळली गेली. त्या सभागृहातील बहुसंख्य सभासद नास्तिक होते असे कोणी म्हणणार नाही. आस्तिकांच्याच सभेने हा निर्णय दिला, आणि घटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत ईश्वरसाक्ष शपथेच्या शेजारी गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञेचा पर्यायही समान दर्जाने ठेवला. कायद्याने जामीन मागणे सोडले. समाजाने अद्याप सोडलेले नाही.

समाजाला याचे उत्तर युक्तिवादाने मिळत नाही, आचरणाने मिळते, आणि महाराष्ट्रात ते उत्तर देऊन ठेवणारा पुरुष म्हणजे गोपाळ गणेश आगरकर. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी जन्मलेल्या, दारिद्र्यात शिकलेल्या या मनुष्याने पदवीनंतर मोठ्या पगाराची चाकरी सहज मिळत असता ती न पत्करण्याचा मनोदय आईला पत्राने कळविला. 1888 साली ‘सुधारक’ काढला. ईश्वराविषयी जे बुद्धीला पटले नाही ते मानण्याचे नाकारले. आणि विरोधकांनी पुण्याच्या रस्त्यातून काढलेली आपली प्रेतयात्रा जिवंतपणी पाहिली. चाळिशी गाठण्यापूर्वी, 1895 च्या जूनमध्ये, दम्याने जर्जर होऊन ते गेले, तेव्हा आपल्या अंत्यविधीचा खर्च कोणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे वेगळे बांधून ठेवले होते, अशी हकीकत त्यांच्या चरित्रात येते. परलोकाच्या हिशेबावर ज्याचा विश्वास नव्हता, त्याने इहलोकातील हिशेब पै न पै चुकता केला.

दुसरे उदाहरण वर्ध्याजवळच्या, गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमाचे. आंध्रातील गोपाराजू रामचंद्र राव, ज्यांना लोक ‘गोरा’ म्हणत, यांची अध्यापकाची नोकरी निरीश्वरवादापायी गेली होती, आणि अस्पृश्यतानिवारणाच्या कामासाठी ते आपल्या नास्तिक सहकाऱ्यांसह खेड्यांत राहत होते. 1944 च्या अखेरीस ते गांधीजींना भेटले. रोज प्रार्थना करणारा महात्मा आणि प्रार्थनेला न बसणारा कार्यकर्ता यांच्यात जी बोलणी झाली, त्यांत एकाने दुसऱ्याला जिंकले नाही. परंतु गोरांच्या कन्येचा अस्पृश्य मानलेल्या जातीतील तरुणाशी विवाह आश्रमात व्हावा यास गांधीजींनी संमती दिली, आणि विधीमध्ये ईश्वराच्या जागी सत्याचे नाव घेण्याचेही मान्य केले. गांधीजींच्या हत्येनंतर, 1948 च्या मार्चमध्ये, तो विवाह सेवाग्रामलाच लागला. त्या परमभक्ताने गोरांकडे जामीन मागितला नव्हता. त्यांचे काम पाहिले होते.

तिसऱ्या प्रश्नापाशी आम्हाला थोडे नम्र व्हावे लागते. मूल गेलेल्या आईला देवाची इच्छा म्हणून जे शब्द सापडतात, ते आमच्यापाशी नाहीत, आणि त्यांच्या तोडीचे दुसरे शब्द आहेत अशी बढाई मारणे खोटेपणाचे होईल. परमेश्वराला निवृत्त करावे असे उघडपणे म्हणणारे अभिनेते डॉ. श्रीराम लागू यांच्यावर तरुण पुत्राच्या अपघाती निधनाचा आघात झाला. त्यांनी देवाकडे धाव घेतली नाही, आणि त्या मुलाच्या नावाचा ‘तन्वीर सन्मान’ रंगभूमीची सेवा करणाऱ्यांना दिला जाऊ लागला. याला सांत्वन म्हणावे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. दुःख तेवढेच राहते. ते सोसताना माणूस माणसांकडे वळतो, एवढेच आम्ही सांगू शकतो.

आमच्या पक्षाचे दोषही नमूद केले पाहिजेत. वारीला निघालेल्या शेतकऱ्याकडे तुच्छतेने पाहणारा बुद्धिवादी आम्ही पुष्कळ पाहिला आहे. तुकोबांच्या गाथेत मनुष्यस्वभावाचे जे ज्ञान भरले आहे, त्याला अभक्त म्हणून मुकणे हा करंटेपणा होय. शिवाय ज्या राजसत्तांनी मंदिरे आणि चर्चे बंद पाडून ईश्वर नाकारला, त्यांनी माणसांचे हालच केले. तेव्हा केवळ देव न मानणे हेही सदाचाराची सनद ठरत नाही. त्या तीन प्रश्नांखेरीज, दिवाळी तुम्ही कशी करता, असेही कोणी विचारतात. घरी आकाशकंदील लागतो, मुले मातीचा किल्ला करतात, भाऊबीजेला बहिणी ओवाळतात. या सणाचा आनंद ऋतूचा, पिकाचा आणि आप्तांचा आहे, त्यात आम्ही हक्काने सामील असतो.

परंतु या प्रश्नोत्तरांची किंमत या महाराष्ट्रात केवळ शब्दांत चुकविली गेलेली नाही, हे विसरता येत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर लोकांच्या श्रद्धेवर घाला घालीत नव्हते. श्रद्धेच्या नावाने चालणाऱ्या फसवणुकीविरुद्ध कायदा मागत होते, आणि ‘साधना’ साप्ताहिकाचे संपादन करीत होते. 20 ऑगस्ट 2013 रोजी सकाळी पुण्यात गोळ्या झाडून त्यांची हत्या करण्यात आली. आगरकरांचे विरोधक तिरडीच्या नाटकावर थांबले होते, हे आठवले म्हणजे आपण पुढे आलो की मागे गेलो, याचा विचार आस्तिकांनी आणि नास्तिकांनी एकत्र बसून करावयास हवा.

म्हणून या विभागात ईश्वरनिष्ठ लेखकांनाही आम्ही बरोबरीची जागा दिली आहे, आणि जे वाचक आमचे म्हणणे खोडून काढतील, त्यांचे लेख काटछाट न करता पुढील अंकात छापू. वाचकांपाशी आमचे मागणे एकच आहे : मनुष्य मंदिरात जातो की नाही, यावरून त्याच्या प्रामाणिकपणाची पारख करू नये, त्याची देणीघेणी, त्याचा शब्द आणि दुर्बळांशी त्याची वागणूक पाहावी, आणि हीच कसोटी आस्तिकालाही लावावी.