इन्सुलिनची बाटली आणि कोयत्याची उचल

दिवाळी सरली की गेवराई तालुक्यातील ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. भांडीकुंडी, बाजरीची पोती, लेकरे आणि कोयते यांनी भरलेल्या त्या वाहनांत काहींच्या गाठोड्यात आता औषधाची एक छोटी बाटलीही असते. मधुमेह हा सुखवस्तूंचा रोग आहे, ही समजूत आपल्याकडे फार काळ टिकली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेली पाहणी 2023 मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिने या समजुतीला उत्तर दिले. देशात मधुमेहाचे रुग्ण सुमारे 10 कोटी 10 लाख असून ग्रामीण भागात प्रौढांपैकी शेकडा नऊ जणांना हा रोग आहे. त्यांतील सर्वांना इंजेक्शन लागत नाही. पण ज्यांना लागते त्यांना ते टाळता येत नाही.

साध्या मानवी इन्सुलिनची 10 मिलिलिटरची बाटली बाजारात साधारणतः दीडशे ते पावणेदोनशे रुपयांना मिळते. तीत 400 युनिटे असतात. दिवसाला 40 युनिटे घेणाऱ्या रुग्णाला महिन्याला तीन बाटल्या, म्हणजे सुमारे 500 रुपये लागतात. सुया, साखर तपासण्याच्या पट्ट्या आणि एस.टी.चे भाडे वेगळेच. जानेवारी 2024 मध्ये ऊसतोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढून टनाला 366 रुपये झाला. या दराने केवळ बाटल्यांसाठी दीड टन ऊस तोडून, मोळ्या बांधून वाहनात भरावा लागतो. जोडप्याच्या एका दिवसाच्या कामाहून हे कमीच आहे, असे कोणी म्हणेल. हिशेब म्हणून ते खरेही आहे.

परंतु हा हिशेब करणारा कोयत्याचे अर्थशास्त्र विसरतो. तोडणी कामगाराची मजुरी त्याच्या हाती दररोज पडत नाही. हंगामापूर्वीच मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती लग्नात, जुन्या देण्यात, पावसाळ्यातील उपासमारीच्या महिन्यांत खर्च होऊन गेलेली असते. फडात पडणारा प्रत्येक घाव हा फिटत असलेल्या कर्जाचा असतो. इन्सुलिन मात्र दर दहा दिवसांनी रोख पैसे मागते. उत्पन्न एकरकमी आणि आगाऊ, खर्च तुकड्यातुकड्यांनी आणि रोखीने, अशी ही विसंगती आहे. तिच्यातून रुग्ण जो मार्ग काढतो तो सर्वांना ठाऊक आहे: मात्रा निम्मी करणे, दिवसाआड टोचणे, बाटली पुरवून पुरवून वापरणे. त्याची किंमत पुढे डोळे, मूत्रपिंड आणि पाय यांच्या रूपाने मोजावी लागते. ज्याचे पाय हेच भांडवल, त्याच्या बाबतीत ही बचत सर्वांत महागडी ठरते.

हे औषध महाग व्हावे अशी त्याच्या शोधकर्त्यांची इच्छा नव्हती. 1921 – 22 मध्ये टोरांटो येथे इन्सुलिन हाती आले आणि 1923 मध्ये बँटिंग, बेस्ट व कॉलिप यांनी त्याचे पेटंट विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. पुढील शतकात मात्र जागतिक बाजार प्रामुख्याने तीन कंपन्यांच्या हाती गेला. भारतात या मक्तेदारीला काही अंशी पायबंद बसला. 1970 च्या पेटंट कायद्याने देशी उद्योग उभा राहिला आणि 2003 मध्ये तर औरंगाबादेत, म्हणजे गेवराईहून शंभरेक किलोमीटरवर, वोकहार्टने जैवतंत्रज्ञानाने तयार केलेले इन्सुलिन बाजारात आणले. विज्ञान मराठवाड्याच्या दारात आले. औषध कोपीपर्यंत पोचवण्याचे काम तेवढे राहून गेले.

किंमत नियंत्रणाची कथा मात्र माघारीची आहे. 1979 च्या आदेशाखाली साडेतीनशेच्या आसपास औषधे होती. 1995 पर्यंत ती पाऊणशेवर आली. 2013 च्या आदेशाने यादी पुन्हा वाढवली, पण उत्पादनखर्चाचा आधार सोडून बाजारातील सरासरी किंमत हाच निकष मानला. शिवाय घाऊक किमतींच्या निर्देशांकानुसार दरवर्षी वाढीची मुभा दिली. त्यानुसार 2022 मध्ये पावणेअकरा टक्के आणि 2023 मध्ये बारा टक्क्यांहून अधिक वाढ देण्यात आली. साधे इन्सुलिन या नियंत्रणाखाली आहे, आणि 2022 मध्ये ग्लार्जिनचाही अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश झाला, हे स्वागतार्हच. तथापि पेनमधून घेतली जाणारी नवी इन्सुलिने युनिटमागे साध्याच्या तिप्पट-चौपट पडतात, आणि चिठ्ठी कशाची लिहायची हे रुग्ण ठरवत नाही.

तेव्हा नियंत्रण हवेच, पण तेवढ्याने भागणार नाही. ज्याच्या खिशात रोख नाही त्याला कमी किंमतही किंमतच असते. खरा प्रश्न बाटली कितीला मिळते एवढाच नसून ती विकत घेण्याची पाळी कोणावर येते हा आहे. महाराष्ट्र शासनाने 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क केले. निर्णय योग्य होता. परंतु साठा संपला आणि बाहेरच्या दुकानाची चिठ्ठी हाती आली, की निःशुल्क उपचार त्या क्षणी संपतो. तमिळनाडूने 1994 मध्ये स्वतंत्र महामंडळ स्थापून औषधखरेदी व साठवणुकीची शिस्त लावली. महाराष्ट्राला खरेदी प्राधिकरणाचा कायदा करण्यासाठी 2023 उजाडले.

आणि तोडणी कामगाराची अडचण याहून वेगळी आहे. त्याची नोंद गेवराईत, तो सहा महिने कोल्हापुरात किंवा बेळगावात. राज्याची सीमा ओलांडली की राज्याचा निःशुल्क उपचारही मागे राहतो. कोपीत शीतकपाट नाही. बाटली माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवावी लागते.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात इन्सुलिन, सुया व तपासणीच्या पट्ट्या अखंड असाव्यात आणि साठ्याचा फलक दर्शनी भागी लावावा. हंगामावर निघणाऱ्या रुग्णाला उपचारपत्र द्यावे व ते राज्यातील कोणत्याही सरकारी दवाखान्यात चालावे. परराज्यातील फडांवरील रुग्णांसाठी कर्नाटक शासनाशी करार व्हावा. कारखान्याच्या गटकार्यालयात शीतकपाट असावे. यासाठी पैसा नाही, ही सबब चालणार नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या टनामागे कारखान्यांनी 10 रुपये व शासनाने तितकेच द्यायचे, हे ठरलेलेच आहे. हा पैसा कामगाराच्या घामातून आलेला आहे. त्यातून त्याचे औषध यावे यात उपकार कसला?

टोळ्या निघण्यापूर्वी गेवराईतील कार्यकर्त्यांनी गावोगाव अशा रुग्णांची यादी करावी आणि ती घेऊन तहसील कचेरीच्या पायऱ्या चढाव्यात. यादी हाती असली की अधिकाऱ्याला आकडा नाही असे सांगता येत नाही. शंभर वर्षांपूर्वी एका डॉलरला समाजाच्या स्वाधीन झालेले औषध समाजाने परत मागावयाचे आहे, आणि त्याचा आरंभ या यादीपासून होईल.