गोठ्यातली हाक



दर आठवड्याला या जागेवरून आपण गोठ्याच्या गोष्टी करतो. कधी मुरघास, कधी गोचिडांचा बंदोबस्त, कधी वासरांचे जंत. आज औषध सांगायचे नाही असे ठरवून बसलो आहे. बघू कितपत जमते. येत्या ३१ मे रोजी मला ५८ पूर्ण होतात आणि दवाखान्याची किल्ली दुसऱ्या हाती जाते.

१९९० साली पशुधन पर्यवेक्षक म्हणून माणदेशात रुजू झालो तेव्हा सायकल होती, पुढे एम-८० आली. पद पर्यवेक्षकाचे, पण गावोगाव सगळे ‘डॉक्टर’च म्हणत. पहिली काही वर्षे मी दुरुस्त करीत असे, मग सोडून दिले.

आता जो भेटतो तो विचारतो, “पुढं काय करणार?” शेती आहे, दोन म्हशी आहेत, उत्तर सोपे आहे. घरच्या मंडळींनी मात्र परवा भाकरी थापता थापता वेगळेच विचारले. “रात्रीचा फोन बंद झाला की तुम्हांला बरं वाटंल, का चुकल्यागत हुईल?” मी विषय बदलून चहा मागितला. उत्तर इथे तुमच्यापुढे देतो.

मासिक अहवाल, बैठका, आणि जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचे बारा आकडे उन्हात उभे राहून मोबाइलवर भरणे, यांतले काही चुकल्यागत होणार नाही. ते सुखाने जावो.

चुकल्यागत होईल ते दारातल्या पोरांचे. कृत्रिम रेतनासाठी द्रवनत्राच्या भांड्याचे झाकण उघडले की पांढरे धुके बाहेर पडते. ते बघायला गल्लीतली पोरे धावत येतात. “डॉक्टर, आत काय उकळतंय?” छत्तीस वर्षे हाच प्रश्न, पोरे तेवढी बदलली. आत उणे १९६ अंशांची थंडी आहे, हे त्यांना कधीच पटले नाही.

आणि चुकल्यागत होईल ते घरातल्या बायकांचे बोलणे. पुस्तकात माजाची लक्षणे छापलेली असतात. पण म्हैस उन्हाळ्यात मुका माज करते, ओरडत नाही, पुरुषमाणसाच्या ध्यानातही येत नाही. धार काढणारी बाई मात्र सांगते, “आज हिनं दूध चोरलंय, नजर बी येगळी हाय.” तपासून बघावे तर म्हैस माजावर. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी, हा नियम मी सांगितला. पण माज दिसायचा कोणाला, तर तिला. शेरा मात्र माझ्या रजिस्टरात माझ्या नावावर पडला. हे कधीतरी लिहायला हवे होते, ते आज लिहिले.

आता रात्रीच्या हाकेविषयी. पूर्वी फोन नव्हते. कंदील घेऊन कोणी तरी सायकलवर यायचे आणि कडी वाजवायचे. “गाय अडलीया, चला.” गोठ्यात गेले की हात खांद्यापर्यंत आत घालायचा आणि अंधारात बोटांनी बघायचे. पुढचे पाय आहेत की मागचे, डोके वळले आहे का. मग खुराच्या बेचक्यात चिमटा काढायचा. वासराने पाय मागे ओढला की ते जिवंत आहे. त्या वेळी गोठ्यात दहा माणसे असली तरी कोणी बोलत नाही. दोरी लावायची, गाय कळ देईल तेव्हाच ओढायचे आणि खाली, तिच्या पायांच्या दिशेने ओढायचे. वासरू गवतावर पडते ते ओल्या पोत्यासारखे. नाकातोंडातला चिकटा पुसायचा, नाकात गवताची काडी घालायची, पाठ चोळायची. आणि मग ते शिंकते.

त्या शिंकेसाठी मी नोकरी केली असे म्हटले तर खोटे होईल, पगारासाठीच केली. पण आठवण येणार ती शिंकेचीच. त्यानंतरचा गूळ घातलेला चहा, आणि दोन दिवसांनी डब्यातून येणारा खरवस! खरवस घेताना मी दर वेळी दम द्यायचो, “वासराला तासाभराच्या आत चीक पाजला होता ना? आधी त्याचा वाटा, मग माझा.” डबा मात्र परत केला नाही कधी.

एक गोष्ट मनातून जात नाही. नोकरीला सातआठ वर्षे झाली होती. एका विधवा बाईंची एकुलती एक संकरित गाय सांजेला अडली. मी दीड कोसावर झोपलो होतो. उजाडल्यावर निरोप आला. गेलो तेव्हा वासरू आत मेलेले होते आणि गायीने मान टाकली होती. दुपारपर्यंत तीही गेली. बाई म्हणाल्या, “तुमची झोप मोडाय नगं वाटलं, भाऊ.” डेअरीचा पगार बंद झाला आणि त्यांच्या थोरल्या मुलाची शाळा त्याच वर्षी सुटली. तेव्हापासून प्रत्येक गावात सांगत आलो की माझी झोप मोडा. लोकांनी ती भरपूर मोडली. २०२२ साली लम्पी आला तेव्हा तर रात्र कुठली आणि दिवस कुठला.

माझ्या जागी आता एक मुलगी आली आहे. वय असेल पंचवीस. शिकलेली आहे, आणि आमच्या वेळी नव्हते ते पुष्कळ तिला येते. पण मागच्या महिन्यात रात्री एक वाजता फोन आला तो मला. पलीकडे एक तात्या, शेळी अडली होती. “मॅडमना का नाही लावला?” तर म्हणाले, “बाईमाणसाला एवढ्या रातीचं कसं बोलवायचं?” त्या विधवा बाईंचेच बोलणे वेगळ्या शब्दांत ऐकल्यासारखे झाले. मी तिला फोन केला आणि दोघे गेलो.

शेळीच्या वाटेत माझा हात मावेना. वयाने सांधे जाड झाले आहेत. तिचा हात लहान, सहज गेला. एक करडू बाहेर काढले, दुसऱ्याची मान मागे वळली होती. तिने ती बोटांनी धरून सरळ केली. मी बॅटरी धरून उभा होतो. करडू खाली आले, तिने नाकात काडी घातली आणि ते शिंकले. तात्यांनी चहाचा पहिला कप तिला दिला. मला बरे वाटले आणि बरे वाटलेही नाही. घरच्या मंडळींना काय सांगायचे ते मला तिथे कळले.

तर मंडळी, दवाखान्याच्या भिंतीवर माझा क्रमांक पुसून तिचा लिहिला आहे, तो वहीत उतरवून घ्या. फिरत्या पथकाचा १९६२ हा क्रमांकही त्याखाली लिहा. पाणमोट फुटून दोन तास झाले आणि पाय दिसले नाहीत, तर उजाडायची वाट बघू नका, शेजाऱ्यापाजाऱ्यांना गोळा करून ओढाओढही करू नका. फोन करा. माझा फोन सवयीने उशाशी राहील, पण तुम्ही तो लावायचा नाही.

पुढच्या आठवड्यात पावसाळ्याआधी घ्यायच्या घटसर्प आणि फऱ्या यांच्या लशींविषयी लिहीन.