विश्लेषण : दिव्यांगांना ४ टक्के आरक्षण, पण त्यांचे ‘करिअर काउन्सेलर’ घडतात कुठे?

समजा, चाकणच्या एखाद्या कारखान्यात सीएनसी मशीन चालवणाऱ्या २९ वर्षांच्या तरुणाचा दुचाकीवर अपघात झाला. पाठीच्या कण्याला मार बसून त्याचे पाय कायमचे निकामी झाले. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली, फिजिओथेरपिस्टनं व्हीलचेअरवर बसायला-उतरायला शिकवलं, सरकारी रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र मिळालं, यूडीआयडी कार्डही आलं. आता उरतो प्रश्न पोटापाण्याचा.

या तरुणाला ड्रॉइंग वाचता येतं, मायक्रोमीटर हाताळता येतो, टूल झिजलं की आवाजावरून कळतं. यातलं काहीच पायांवर अवलंबून नाही. पण हे त्याला, त्याच्या घरच्यांना आणि कंपनीच्या एचआरला समोर बसून कोण समजावणार? व्हीलचेअर जाईल असं वर्कस्टेशन कसं लावायचं, कंपनी नाहीच म्हणाली तर दुसरी दारं कुठली, हे कोण सांगणार?

जगात या कामासाठी एक वेगळा व्यवसाय आहे. त्याला पुनर्वसन समुपदेशन म्हणतात. अमेरिकेत त्यासाठी स्वतंत्र पदव्युत्तर पदवी आहे. आपल्या कायद्यातही अशा माणसांचा उल्लेख १९९२ पासून आहे. पण त्यांना घडवण्याची वाट आपण नीट बांधलेली नाही.

पदवीत नेमकं काय शिकवतात?

‘समुपदेशक’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मन मोकळं करून घेणारी व्यक्ती येते. इथे तो कामाचा एक भाग झाला. पुनर्वसन समुपदेशकाचं मुख्य काम माणूस आणि नोकरी यांची जुळवणी करण्याचं असतं.

अमेरिकेत पहिल्या महायुद्धातून जखमी होऊन परतलेल्या सैनिकांसाठी १९१८ मध्ये पुनर्वसनाचा कायदा झाला. १९२० मध्ये ही सोय सामान्य नागरिकांनाही मिळाली. पण ते काम करणारी प्रशिक्षित माणसं नव्हती. म्हणून १९५४ च्या कायद्यानं विद्यापीठांना अशा अभ्यासक्रमांसाठी सरकारी अनुदान द्यायला सुरुवात केली आणि त्यातून ही पदवी रुजली. आज मान्यताप्राप्त अभ्यासक्रम ६० क्रेडिटचा असतो. आजार आणि दिव्यांगत्वाची वैद्यकीय बाजू, मानसिक परिणाम, व्यावसायिक क्षमतेचं मूल्यमापन, सहायक तंत्रज्ञान, कायदे असे विषय त्यात येतात. शिवाय १०० तासांचं प्रात्यक्षिक आणि ६०० तासांची इंटर्नशिप, तीही अनुभवी समुपदेशकाच्या देखरेखीखाली.

यातला सगळ्यात रंजक भाग म्हणजे कामाचं विश्लेषण. इंजिनीअरिंगवाल्यांना हे लगेच पटेल. ‘बँकेतला क्लार्क’ हे एक काम नसतं, पंधरा-वीस छोट्या कामांची ती बेरीज असते. स्क्रीनवर नोंद करणं, फोन घेणं, नोटा मोजणं, फाइल शोधणं, ग्राहकाशी बोलणं. पूर्ण अंध व्यक्तीला यातली बरीच कामं स्क्रीन रीडरच्या मदतीनं जमतात, एखाद-दुसरं सहकाऱ्याशी अदलाबदल करता येतं. ‘अंध माणूस क्लार्क होऊ शकतो का’ या प्रश्नाला सरसकट उत्तर नसतं. काम असं सुटं करून मांडलं की उत्तर सापडतं, आणि मालकाशी बोलताना दयेची भाषा वापरावी लागत नाही. हे कौशल्य नुसत्या सहानुभूतीतून येत नाही, शिकावंच लागतं.

तिथे कायद्यानं मुदतीही घालून दिल्या आहेत. सर्वसाधारणपणे अर्ज आल्यापासून ६० दिवसांत पात्रता ठरवायची. त्यानंतर ९० दिवसांत त्या व्यक्तीची स्वतंत्र रोजगार योजना तयार करायची. या योजनेवर समुपदेशकाबरोबर त्या दिव्यांग व्यक्तीचीही सही लागते. योजना तिची असते, कार्यालयाची नाही.

मग अमेरिकेत सगळं आलबेल आहे?

नाही. १९९२ मधल्या दुरुस्तीनंतर सरकारी पुनर्वसन कार्यालयांतल्या समुपदेशकांसाठी उच्च पात्रतेचा आग्रह धरला गेला आणि बहुतेक राज्यांत त्याचा अर्थ पदव्युत्तर पदवी असाच झाला. पण माणसं मिळेनात. अखेर २०१४ च्या कायद्यानं अट सैल केली. संबंधित विषयातली साधी पदवी आणि किमान एक वर्षाचा अनुभव असला तरी चालेल, असं ठरलं.

त्यातच २०१७ मध्ये या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी जुनी संस्था सर्वसाधारण समुपदेशनाच्या मान्यता संस्थेत विलीन झाली. फायदा असा की या पदवीधरांना मानसिक आरोग्य समुपदेशनाच्या परवान्याची वाट सोपी झाली. तोटाही तोच. परवाना मिळाला की माणूस सरकारी कार्यालय सोडून जास्त पैसे देणाऱ्या क्लिनिककडे वळू शकतो. पुनर्वसन समुपदेशकाचं मधलं वेतन वर्षाला साधारण ४५ हजार डॉलरच्या आसपास आहे. पदव्युत्तर शिक्षणाचा तिथला खर्च पाहता हे फार नाही. म्हणून केंद्र सरकार शिष्यवृत्ती देतं, पण अट घालून. जितकी वर्षं शिष्यवृत्ती घेतली, त्याच्या दुप्पट वर्षं या क्षेत्रात सेवा द्यायची, नाहीतर पैसे परत करायचे. आपल्याकडच्या एमबीबीएसच्या बाँडसारखाच हा प्रकार.

म्हणजे नुसती पदवी काढून भागत नाही, त्या पदवीला साजेशी पगारी पदंही लागतात. आपल्याकडे मात्र पदवी आणि पदं, दोन्हींची वानवा आहे.

आपला कायदा काय म्हणतो?

भारतीय पुनर्वसन परिषदेचा कायदा १९९२ चा. त्यातल्या ‘पुनर्वसन व्यावसायिक’ या व्याख्येत ऑडिओलॉजिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, विशेष शिक्षक यांच्याबरोबर दिव्यांगांसाठी काम करणारे व्यवसाय समुपदेशक, रोजगार अधिकारी आणि प्लेसमेंट अधिकारी यांचा स्पष्ट उल्लेख आहे. परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव नसताना पुनर्वसन व्यावसायिक म्हणून काम केलं, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षाही आहे.

कागदावर हे कडक दिसतं. प्रत्यक्षात परिषदेच्या अभ्यासक्रमांचा आणि नोंदणीचा मोठा भार विशेष शिक्षकांवर आहे. त्यांची गरज आहेच, पण ते शाळेतल्या मुलांसाठी. शाळा सुटली की पुढे काय, किंवा तिशीत दिव्यांगत्व आलं तर काय, यासाठी वाट अरुंद होत जाते. मोठ्यांसोबत काम करण्याचं सखोल प्रशिक्षण प्रामुख्यानं एम.फिल.मधून मिळायचं. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि पुनर्वसन मानसशास्त्र या दोन्ही विषयांत ते होतं. यूजीसीनं २०२२ च्या नियमांत एम.फिल. बंद केलं. गदारोळानंतर जानेवारी २०२४ मध्ये क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन विषयांना २०२५-२६ पर्यंत सवलत मिळाली. त्या यादीत पुनर्वसन मानसशास्त्र नव्हतं. बातम्यांमध्येही त्याची फारशी चर्चा झाली नाही.

दुसरीकडे मागणी वाढतेच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षण ३ वरून ४ टक्के केलं. सेवेत असताना दिव्यांगत्व आलं तर सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याच वेतनावर दुसरं काम द्यावं लागतं. चाकणच्या खासगी कारखान्यातल्या तरुणाला हे संरक्षण लागू नाही, त्यामुळे समुपदेशकाची गरज त्यालाच सर्वाधिक.

२०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग नोंदले गेले, त्यापैकी महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख. देशातल्या दिव्यांगांपैकी काम करणारे फक्त ३६ टक्के. आणि ही मोजणी २१ प्रकार येण्यापूर्वीची आहे.

केंद्रीय कामगार मंत्रालयाची दिव्यांगांसाठीची करिअर सेवा केंद्रं मुंबईसह काही शहरांत आहेत. पूर्वी त्यांना व्यवसाय पुनर्वसन केंद्रं म्हणत. तिथे क्षमतेचं मूल्यमापन होतं, मार्गदर्शन मिळतं. पण गडचिरोली किंवा नंदुरबारच्या माणसानं त्यासाठी किती प्रवास करायचा?

या क्षेत्रात यायचं असेल तर

मानसशास्त्र किंवा समाजकार्याच्या पदवीनंतर येणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. विद्यापीठाला यूजीसीची मान्यता असणं पुरेसं नाही. तो अभ्यासक्रम, ती संस्था आणि तुमचं प्रवेशाचं वर्ष या तिन्हींना पुनर्वसन परिषदेची मंजुरी आहे का, हे परिषदेच्या संकेतस्थळावर पाहा. मंजुरी ठरावीक मुदतीची असते. ती नसेल तर पदवी हातात येऊनही नोंदणी क्रमांक मिळत नाही. फी भरण्याआधी हे तपासायला दहा मिनिटं लागतात.

सरकारला काय विचारता येईल?

डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रानं स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागाची घोषणा केली. या विभागाला विचारण्याजोगा प्रश्न कायद्यातच आहे. २०१६ च्या कायद्याचं कलम ४७ सांगतं की सरकारनं दर पाच वर्षांनी मनुष्यबळाच्या गरजेचा अभ्यास करावा आणि योग्य माणसांची भरती आणि प्रशिक्षण यांची योजना आखावी. ही जबाबदारी केंद्राची आहे, तशी राज्याचीही. जिल्ह्याला किती व्यवसाय समुपदेशक लागतील, त्यांना कुठलं विद्यापीठ शिकवेल, शिकून आल्यावर ते कुठल्या पदावर आणि किती पगारावर बसतील, याचं उत्तर या अभ्यासातून यायला हवं. कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. पाच वर्षांचा पहिला टप्पा २०२२ मध्ये संपला, दुसरा एप्रिल २०२७ मध्ये संपतो.