ढिगाऱ्याखाली किती माणसे?

रडारचा विषय कलाशाखेच्या अंकात कशाला, असे कुणी विचारील. उत्तर एवढेच, की महाड-पोलादपूरच्या माणसाला ढिगारा हा विषय निवडावा लागत नाही. 2005च्या जुलैत जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते. 2021च्या जुलैत तळिये, आणि पोलादपूरकडे केवनाळे व सुतारवाडी. त्याआधी 24 ऑगस्ट 2020च्या संध्याकाळी महाड शहरात तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. 16 माणसे गेली. पण सुमारे 19 तासांनी चार वर्षांचा मुलगा आणि 26 तासांनी एक वृद्धा जिवंत निघाली. मी तेव्हा शाळेत होतो. नेमके कुठे उपसायचे हे आधी कळले असते तर, हा प्रश्न तेव्हापासून मनातून गेलेला नाही.

त्यावर अल्ट्रा-वाइडबँड रडार हे एक उत्तर आहे. ते अतिशय थोडक्या काळाचे, नॅनोसेकंदाच्या मापातले स्पंद सोडते. नॅनोसेकंदात प्रकाश 30 सेंटिमीटर जातो. त्यामुळे प्रतिध्वनी परतण्याच्या वेळेवरून अंतर वीतभराच्या फरकाने काढता येते. दगड, सळई हलत नाही. श्वास घेणाऱ्याची छाती मात्र काही मिलिमीटर हलते. स्थिर ते वजा करायचे, लयीत हलते ते ठेवायचे.

पण एकटे यंत्र अंतर सांगते, दिशा नाही. चार मीटरवर कुणी आहे. पण कुठल्या बाजूला? शिवाय संध्याकाळच्या घरात माणूस एकटा नसतो. दोन माणसे आणि दोन यंत्रे असली, तर कुठले अंतर कुणाचे हे कळत नाही. चार जागा जुळतात आणि त्यांतल्या दोन निव्वळ भास असतात. (इंग्रजीत या भासाला चक्क भूत म्हणतात, आपल्या संदर्भात शब्द अंगावर येतो.) त्यातून जवळच्या माणसाचा प्रतिध्वनी मागच्याला झाकतो. तिसरे, चौथे यंत्र निराळ्या बाजूंना मांडून, सर्वांची घड्याळे जुळवून एकत्र वाचले, तरच भास गळतात आणि झाकलेला माणूस दिसू लागतो.

म्हणून माझे मत असे, की बचावपथक पुण्याहून घाट उतरून येईपर्यंत थांबण्यापेक्षा अशी चार जोडलेली यंत्रे पावसाळ्यात महाडातच असावीत, आणि ती मांडायला इथल्याच पोरांना शिकवावे.

तळियेत ती चालली असती का? मला वाटते, नाही. स्लॅबच्या ढिगाऱ्यात पोकळ्या राहतात. तिथे लहरी शिरतात आणि माणूसही तग धरतो. दरडीचा ओला, चिकण चिखल लहरी शोषून घेतो, आणि हवेला जागाच ठेवत नाही. तिथली तीसहून अधिक माणसे सापडलीच नाहीत. अखेर शोध थांबवून त्यांना मृत घोषित करावे लागले. डोंगराखालच्या वाड्या वेळेत हलवण्याचे काम रडारच्या नावाखाली पुढे ढकलले जाऊ नये, एवढी भीती मला वाटते.

आणखी एक. तारिक गार्डनखाली नेमके किती जण आहेत, याचे पहिल्या रात्री निरनिराळे आकडे ऐकू येत होते. तिथे कितीही यंत्रे असती, तरी शोध कधी थांबवायचा हे माणसांच्या यादीवरूनच ठरले असते. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पुढच्या शिबिरात, रस्ता झाडण्याआधी, डोंगराखालच्या एका वाडीत घरोघर जाऊन रात्री कोण कुठे झोपते हे लिहून घ्यावे, असे मी प्राध्यापकांना सुचवले आहे. वही मी आणीन.